कुंड्यांना पाणी कुणी घातलं?

१

रविवारी सकाळी आमच्या शिवतेज कॉलनीतला स्पीडब्रेकर चोरीला गेला.

हसू नका. पोलिसांनाही हसू आलं असतं, पण त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. का पोचली नाही, तेच तर या प्रकरणातलं पहिलं कोडं होतं.

मी संयोगिता निकम. पॉलिटेक्निकमध्ये पोरांना रस्ते शिकवण्यात माझी उमर गेली. आता निवृत्त आहे, म्हणजे पगार थांबला, शिकवणं थांबलेलं नाही. रिंग रोडवरून कागलच्या हमरस्त्याला लवकर भिडायचं म्हणून जो तो आमच्या कॉलनीतून गाडी हाणायचा. श्रावणात आक्का चौगुले फुलं आणायला म्हणून फाटकाबाहेर पडल्या आणि एका मोटारसायकलने त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा मी नकाशा काढला. रस्त्यात काळा-पिवळा रबरी स्पीडब्रेकर बोल्टने आवळायचा, दोन्ही अंगांना मोठ्या कुंड्या ठेवून रस्ता अरुंद करायचा. गाडीवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, शिट्टी वाजवणारा हवालदार लागत नाही. महापालिकेने महिनाभर चाचणी घेऊन बघू म्हटलं. रविवारी संध्याकाळी गणपती मंदिराच्या हॉलमध्ये सभा होती, महापालिकेची अभियंता त्याच सभेत निकाल देणार होती. आणि त्याच सकाळी ब्रेकर गायब.

मी पोचले तेव्हा निम्मी कॉलनी रस्त्यावर होती. आक्कांच्या अंगणातला झेंडू-मोगरा लावलेल्या कुंड्या उचलून कडेला, कडुनिंबाच्या सावलीत ओळीने मांडल्या होत्या. ब्रेकरच्या जागी डांबरात नुसती बोल्टची भोकं उरली होती.

"कृष्णातचंच काम आहे हे," डॉक्टर उन्मेष म्हणाले. दातांचे डॉक्टर. नळावरच्या भांडणातसुद्धा समोरच्याला तोंड उघडायला लावून स्वतःच बोलत राहतील असे. "दसऱ्याला भर चौकात तो काय बोलला होता? 'ह्यो ब्रेकर मी उपटून टाकणार.' शंभर जणांनी ऐकलंय."

खोटं नव्हतं ते. कृष्णात खाडे म्हणजे कॉलनीच्या टोकाला गोठा असलेला गवळी. रोज संध्याकाळी म्हशी घेऊन आमच्याच रस्त्याने शहरातल्या दूध कट्ट्यावर जातो, गिऱ्हाईकासमोर धार काढतो, फेसाळता पेला हातात देतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या म्हशी त्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांना बुजल्या होत्या आणि त्याने आमच्या सगळ्यांच्या खानदानाचा उद्धार केला होता.

"आज सभेत ठराव मांडतो," डॉक्टर म्हणाले. "या रस्त्यावरून म्हशी बंद. आणि आत्ताच्या आत्ता पोलिसात तक्रार."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणजे अंबादासराव चौगुले, आक्कांचे यजमान. शिरोलीच्या फाउंड्रीत फोरमन म्हणून निवृत्त झालेला, पहाडासारखा माणूस. दारात कुणाचं कुत्रं घाण करून गेलं तरी चौकीत अर्ज देणारा.

"पोलीस नकोत," ते म्हणाले. "घरातलं घरात बघू."

मी खाली बसले आणि एका भोकात बोट घातलं. बोट काळंकुट्ट होऊन बाहेर आलं. मग उठून कुंड्यांकडे गेले आणि एकीच्या मातीत दुसऱ्या हाताचं बोट खुपसलं. माती ओली होती. दुसरी कुंडी पाहिली, तीही ओली. सगळ्याच.

"डॉक्टर, काल कुंड्यांना पाणी घालायची पाळी कुणाची होती?"

"माझी. पण मी सांगलीला लग्नाला गेलो होतो. राहिलं."

"मग पाणी कुणी घातलं?"

लोक खो खो हसले. ब्रेकर गेलाय आणि बाई झेंडूला पाणी कुणी घातलं विचारतायत! मी हसू दिलं त्यांना. वर्गात पहिल्या बाकावरची पोरं हसायची तेव्हाही मी फळ्याकडे तोंड करून उत्तर लिहून टाकायची. संध्याकाळपर्यंत हे उत्तर मी काढणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

२

कृष्णातवर राग नाही असं घर कॉलनीत शोधून सापडलं नसतं. शेणाचा वास, भल्या पहाटेची हाळी, हे सगळं होतंच. पण म्हशींना हा रस्ता बंद झाला तर त्याला हमरस्त्यावरून ट्रकांच्या गर्दीतून जनावरं न्यावी लागतील. म्हणजे कट्टा बंद. कट्टा बंद म्हणजे कृष्णात बंद. आणि केलं नसेल तर त्याने हे का भोगायचं?

आधी डॉक्टरांकडे गेले. रस्त्यातल्या कुंड्यांमुळे त्यांच्या पेशंटची गाडी लावायला जागा उरली नव्हती, हे ते महिनाभर कण्हत होते.

"म्हणजे तुम्ही माझ्यावरच संशय घेताय?"

"तुमच्यावर नाही. तुमच्या कमरेवर," मी म्हटलं. "त्या कुंड्या ओढायला कंबर लागते. तुमची गेल्या महिन्यात पट्ट्यात होती."

ते नाराज झाले, पण सुटले. शिवाय ते सांगलीहून सकाळी आले हे त्यांच्या बायकोने न विचारता सांगितलं, आणि ज्या सुरात सांगितलं त्यावरून ते खरं असावं.

मग राजवीर. कॉलनीच्या नाक्यावर त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि दुकानासमोर बुलेट. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात, ठाऊकच आहे. शिंगं रंगवायची, मोरपिसं खोवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा. पुढे सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फाडफाड करत जाते आणि मालकाची म्हैस तिच्या मागून धावते. कृष्णातची मैना राजवीरच्या बुलेटमागे धावते. पाडवा आठवड्यावर आला होता, आणि वाटेत ब्रेकर. म्हणजे ब्रेकर नको असण्याचं कारण याच्याकडेही भरपूर.

मी बुलेटकडे नीट पाहिलं. नंबरप्लेटचा एक बोल्ट गेलेला, तिथे सुतळी बांधलेली. चेनच्या पत्र्याला तार.

"राजवीर, स्क्रू कुठं जातात रे तुझ्या गाडीचे?"

"काकू, उघडलं की एखादा ऱ्हातोयच. गाडी चालतीया न्हवं?"

"ब्रेकर तू काढलास का?"

तो ताडकन उठला. "मी? काकू, ब्रेकर गेला म्हंजे आमचंच वाटुळं की! इतके दिवस आम्ही—"

आणि त्याने जीभ चावली.

"इतके दिवस काय?"

"काय न्हाय. कृष्णातमामालाच इचारा. मी सांगितलं तर मला म्हशीच्या जागी जुपंल त्यो."

३

कृष्णातला विचारायला लागलंच नाही. उत्तर मैनेने दिलं.

दुपार कलताच म्हशी कट्ट्याकडे निघाल्या. पुढे मैना, काळी, तुकतुकीत, चालण्यात पाटलीणबाईंचा तोरा. मी कडुनिंबाखाली उभी होते. चौगुल्यांच्या घरासमोर, जिथे ब्रेकर असायचा तिथे ती आली आणि थांबली. मान वर केली. पुढचे दोन्ही पाय एकदम उचलून हवेतल्या हवेत एक झोकदार उडी घेतली आणि पलीकडे उतरून परत संथ चालू लागली. खाली तर सपाट डांबर!

"काय बघायलाय, बाई?" कृष्णात मागून आला. फेटा, दाढीची खुंटं, डोळे रात्रभर जागल्यासारखे.

"उडी मारायला कधीपासून शिकली रे ही?"

तो लाजला. सहा फुटी माणूस लाजताना बघायला बरं वाटतं. "आता काय झाकायचं? पाडव्याला समद्यांच्या म्हशी पळत्यात. उडी कुणाची मारतीया? पयल्यांदा बुजली, मग म्हटलं, बुजतीया तर शिकवू. रोज गूळ दावून शिकवली. राजवीर पुढं गाडी घालणार, त्यो ब्रेकरवरनं, ही मागनं उडी. नाद खुळा झाला असता!"

म्हणजे ज्याच्यावर अख्खी कॉलनी बोट रोखून होती त्यालाच तो ब्रेकर सगळ्यांत जास्त हवा होता. दसऱ्याला शिव्या घातल्या त्या खऱ्या, पण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माणूस बदलतो, म्हैससुद्धा बदलते.

"हेच संध्याकाळी सभेत सांग. सुटलास तू," मी म्हटलं.

त्याचा चेहरा एकदम उतरला. "सभेत मी काय बोलणार न्हाय."

"का?"

तेवढ्यात गोठ्याच्या बाजूने डॉक्टर उन्मेष जवळजवळ पळत आले, कंबर विसरून. मागे चार-पाच माणसं.

"सापडला!" ते ओरडले. "बाई, तुमची वकिली बंद करा. ब्रेकरच्या सगळ्या पट्ट्या याच्या गोठ्यात सापडल्या. कडब्याखाली दडवलेल्या!"

मी कृष्णातकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"कृष्णात, तू काढलास?"

"न्हाय."

"कुणी ठेवल्या तिथं?"

"मीच ठेवल्या. पर काढल्या न्हाईत." त्याने फेटा सारखा केला. "कुणी काढल्या ते सांगणार न्हाय. शबुद दिलाय."

"म्हशी बंद झाल्या तर?"

"तर बंद," कृष्णात म्हणाला आणि मैनेमागे चालू लागला.

४

लोक घरी गेले, निकाल लागला म्हणून. मी गोठ्यात गेले.

पट्ट्या पाहिल्या आणि मला माझा पहिला वर्ग आठवला. मशीन खोलली की बोल्ट कुठे ठेवायचा, हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. आपल्या वायसरसकट, आपल्या भोकात परत. इथे प्रत्येक बोल्ट अगदी तसाच बसवलेला होता. वर तेलाचा हातही फिरवलेला. एकही हरवला नव्हता, एकही दुसऱ्याच्या जागी गेला नव्हता. हे राजवीरचं काम असतं तर निम्मे बोल्ट गटारात सापडले असते. कृष्णात तर दावणीपासून चपलेपर्यंत सगळं सुतळीने बांधणारा माणूस.

आणि सकाळी माझ्या बोटाला लागलं होतं ते ग्रीस होतं. रस्त्यातल्या भोकांमधले आटे धुळीने बुजू नयेत म्हणून कुणीतरी ती भोकं ग्रीसने भरली होती. चोर असं करत नाही. जो नासधूस करायला येतो तो तर मुळीच नाही. ज्याला ब्रेकर परत तिथेच बसवायचा आहे, तोच आटे जपतो.

ब्रेकर हवा होता, तरी काढला. असा माणूस कोण, हे मला कळत चाललं होतं. का काढला, ते मात्र कळत नव्हतं. तेवढ्यासाठी मी चौगुल्यांच्या घरी गेले.

अंबादासराव दारात आले. "या की ताई. मागच्या अंगणात बसू, वारा हाय तिथं."

आता, कोल्हापुरात पाहुण्याला पुढच्या खोलीत न बसवता मागच्या दारी न्यायचं म्हणजे एकतर तो घरचा माणूस तरी असतो, नाहीतर पुढच्या खोलीत काहीतरी असतं. मी घरची होते, मान्य. पण मी थांबले नाही.

"आक्कांना भेटते आधी," म्हणत सरळ पुढच्या खोलीत शिरले.

पुढच्या खोलीतच त्यांची खाट हलवली होती, न्हाणीघर जवळ म्हणून. रस्त्याकडच्या खिडकीला आतून गादी टेकवून वरून दोरीने बांधली होती. खोलीत दिवसाही अंधार. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. ऑपरेशन झाल्यापासून निम्म्या झाल्यात, पण आवाज तसाच खणखणीत.

"ये गं संयोगिता. चाचणी पास हुणार न्हवं? बघ बाई, माझं झालं तसं दुसऱ्या कुणाचं हुऊ ने. ह्यांनी सभेत छाती ठोकून सांगितलं होतं, कुणाच्या दारात नको असंल तर माझ्या दारात घाला ब्रेकर. कुणी घ्यायला तयार नव्हतं, ठाव हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. प्रत्येकाला ब्रेकर हवा होता, पण शेजारच्याच्या दारात. डॉक्टरांनी तर वास्तुशास्त्र आणलं होतं आडवं. अंबादासराव उठून म्हणाले होते, "अध्यक्षाच्या दारातनं सुरवात. बोललो म्हंजे बोललो." टाळ्या पडल्या होत्या. माझीही टाळी त्यात होती.

बाहेरून काहीतरी गेलं. जड, लांब. खाटेच्या शेजारच्या तांब्यातलं पाणी थरथरलं आणि शांत झालं.

"काय गेलं हे?" मी विचारलं.

"उसाच्या ट्रॉल्या. आठवडा झाला, हंगाम सुरू झालाय. मोकळ्या ट्रॉल्या रातभर परत जात्यात. दोन-दोन जोडल्याल्या. ढणाढणा आपटत्यात नुसत्या." त्यांनी नकळत खुब्यावर हात ठेवला. "पर तुला सांगते, औषध लागू पडलं बघ. डॉक्टरनं गोळी बदललीया न्हवं. आज पहाटं कशी कोण जाणे, ऑपरेशननंतर पयल्यांदा मला झोप लागली."

मी वळून पाहिलं. दारात अंबादासराव उभे होते. त्यांनी चहाचा पेला उंबऱ्यावरच ठेवला आणि पाठ फिरवली.

५

सभेला हॉल भरला होता. अंतरा, महापालिकेची अभियंता, माझीच विद्यार्थिनी. पण बसली होती ती अभियंता म्हणूनच, आणि तसंच बसायला मी तिला शिकवलं होतं. कृष्णात दाराशी उभा. अंबादासराव अध्यक्षांच्या खुर्चीत, समोर बघत.

डॉक्टरांनी ठराव वाचला. पट्ट्या गोठ्यात सापडल्या, आरोपी तोंड उघडत नाही, म्हशींना रस्ता बंद.

"अनुमोदन देण्याआधी माझं ऐका," मी उठले. "सकाळी मी विचारलं होतं, कुंड्यांना पाणी कुणी घातलं. तुम्ही हसलात. त्याचं उत्तर देते."

डॉक्टर ठरावाचा कागद हातात धरून उभेच राहिले.

"ज्याने ब्रेकर काढला, त्यानेच पाणी घातलं. डॉक्टरांची पाळी चुकली होती, मोगरा माना टाकत होता, ते या माणसाला बघवलं नाही. कुंड्या फेकल्या नाहीत, सावलीत नेल्या. म्हणजे ही रोपं त्याच्या घरची आहेत, किंवा त्याच्या माणसाच्या हातची. दुसरं. बोल्ट आपापल्या भोकात परत बसवलेत. असं ज्याच्या हाताला वळण आहे तोच करतो, कारखान्यातल्या माणसाला न करता चैन पडत नाही. तिसरं. रस्त्यातल्या भोकांत ग्रीस भरलंय. का? ब्रेकर परत बसवायचा म्हणून. हा माणूस आपल्या योजनेचा वैरी नाही. तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला ती जास्त हवीय."

"मग काढला कशाला?" कुणीतरी ओरडलं.

"तेच सांगते, आणि यात चूक माझी आहे. वाहनांची मोजणी मी भाद्रपदात केली. ऊस तेव्हा शेतात उभा होता. गाड्या, रिक्षा, मोटारसायकली मोजल्या आणि नकाशा काढला. कोल्हापुरात जन्म काढून मला एवढं कळलं नाही की दिवाळीला याच रस्त्याने ट्रॉल्या धावणार. ब्रेकरवरून मोकळी ट्रॉली गेली की काय आवाज होतो, आणि शेजारच्या घराच्या भिंती कशा हादरतात, ते त्या घरात निजलेल्या माणसाला विचारा. त्यातून त्या माणसाचं हाड जुळत असेल तर बघायलाच नको. याच रस्त्याने मोडलेलं हाड."

अंतराने मान वर केली. डॉक्टरांनी हातातला कागद हळूच खाली ठेवला.

"तो माणूस मला येऊन सांगू शकला असता. पण त्याने चारचौघांत शब्द दिला होता. आता ब्रेकर हलवा म्हटलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, बघा, अध्य..." मी थांबले. "बघा, बोलणाऱ्यालाच नको झालाय. योजना तिथंच मेली असती. म्हणून त्याने ठरवलं, कुणाचंही नाव न येता ब्रेकर काही दिवस नाहीसा व्हावा. पहाटे एक जण म्हशींच्या धारा काढायला उठला, त्याने हे बघितलं आणि पट्ट्या उचलू लागला. तोच आता दाराशी उभा आहे आणि तोंड उघडत नाही. नाव मी घेणार नाही. घ्यावं लागणार नाही, याची मला खात्री आहे."

मी खाली बसले आणि एवढंच म्हणेन, की माझा अंदाज चुकत नाही, पण त्या वेळी मी मनातल्या मनात आकडे मोजत होते.

अंबादासराव उठले.

"काका, बसा की खाली," कृष्णात दारातून म्हणाला. "मी म्हशी न्हीन की हमरस्त्यानं. काय हुतंय?"

"गप रे." अंबादासरावांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. "मीच काढला. आठवडाभर ती दातावर दात दाबून पडलेली मी बघत हुतो. एक ट्रॉली गेली की चादर मुठीत धरायची. सकाळी मलाच म्हणायची, ब्रेकर चांगला हाय हो, गाड्या कशा हळू जात्यात. तिला सांगू कसा, की तुझ्यासाठी आणला त्योच तुला मारतोय? कुंड्यांपाशी ट्रॉल्या करकचून ब्रेक मारत्यात, म्हणून त्याबी बाजूला वढल्या. पहाटं शेवटचा बोल्ट निघंना, माझ्याच्यानं उठवंना, तवा ह्यो आला. म्हटला, द्या हिकडं. मी म्हटलं, कुणाला सांगू नको. त्यानं शबुद दिला आणि आज दिवसभर मी त्याच्या शबुदाच्या आड लपून बसलो. जन्मात असली लाज वाटली न्हवती."

त्यांनी खिशातून पाना काढला आणि अंतरासमोर टेबलावर ठेवला. "काय शिक्षा असंल ती लिवा."

अंतराने पाना बाजूला सारला. "शिक्षा कसली, काका? चाचणी कशासाठी असते? चूक सापडावी म्हणून. सापडली." मग माझ्याकडे वळून, अगदी माझ्याच सुरात, "मॅडम, मोजणी हंगामात परत करायची. तोवर कॉलनीच्या तोंडाशी कुंड्या एवढ्या जवळ लावा की ट्रॉली आत शिरणारच नाही. आणि ब्रेकर बागेच्या भिंतीजवळ बसवा. तिथे कुणी झोपत नाही."

"बागेजवळ माझा दवाखाना आहे," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला. "नाही, म्हणजे, चालेल. दवाखान्यात तसंही कुणी झोपत नाही."

ठरावाचा कागद त्यांनीच फाडला. कृष्णात अंबादासरावांच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघांपैकी कुणीही कुणाकडे पाहिलं नाही, पण बाहेर पडताना पट्ट्या कधी आणायच्या यावर त्यांचं भांडण सुरू झालं होतं. ते ऐकून मला बरं वाटलं.

६

पाडव्याला खिडकीची गादी काढली. ट्रॉल्या बंद झाल्या होत्या, कुंड्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. ब्रेकर बागेजवळ गेला होता.

आक्का दर पाडव्याला फाटकात उभ्या राहून मैनेला ओवाळतात. यंदा खाट खिडकीपाशी सरकवली आणि ताट गजातून बाहेर काढायचं ठरलं. मी निरांजन धरून बाहेर उभी. त्यांना मी काहीही सांगितलं नव्हतं. अंबादासरावांनीही नाही. कॉलनीतल्या एकानेही नाही. आमच्या कॉलनीत एवढी माणसं एवढा वेळ गप्प राहिल्याचं हे एकमेव उदाहरण.

मैना आली. शिंगं लाल-हिरवी, मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्या. पुढे राजवीर आणि बुलेट. पण फाडफाड आवाज कुठला? पठ्ठ्याने कॉलनीच्या तोंडाशीच गाडी बंद केली होती आणि ते धूड हाताने ढकलत, घामाघूम होऊन आणत होता. मैना आवाजामागे धावायला शिकलेली. मला वाटलं, आज ती हलायची नाही. ती आली मात्र, राजवीरच्या घामाच्या वासावर असेल नाहीतर सवयीने.

खिडकीसमोर ती थांबली. मान वर केली. आणि त्या सपाट रस्त्यावर, जिथे आता भोकंसुद्धा बुजवली होती, मैनेने सगळी कॉलनी बघत असताना उडी घेतली.

पोरं शिट्ट्या मारू लागली. कृष्णातने फेटा उडवला. "बघा की आक्का! जगात भारी!"

आक्कांनी ओवाळलं, मैनेच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. मग ताट माझ्या हातात देऊन त्या सपाट डांबराकडे बघत राहिल्या. मग आपल्या नवऱ्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "काढलासा तरी म्हशीला अजून दिसतोय की."

अंबादासराव खिडकीशी आले. आक्कांनी गजातून हात काढून त्यांच्या बाहीला धरलं आणि हसू लागल्या, अशा हसू लागल्या की खुब्याला हात लावावा लागला.

"गोळी म्हनं लागू पडली," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "चाळीस वरसं संसार केला तुमच्यासंगं. मला काय येडी समजता? जावा आता, कुंड्यांना पाणी घाला."

अंबादासराव झारी घेऊन निघाले.